वामनकाकाची जीप आणि मधातला बुडबुडा

आधीच सांगून ठेवते, या सदरातले अनुभव मी हसायला वाचते. पांढऱ्या साडीतली बाई, लिफ्ट मागणारा म्हातारा, पिंपळाखालचा आवाज... नवऱ्याला वाचून दाखवते आणि मग आम्ही दोघं हसतो. मी विज्ञानाची शिक्षिका. सगळी नोकरी पोरांना "कारण सांग, कारण!" म्हणून छळण्यात गेली. त्यात आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. नवस नाही, अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. लहानपणी मी एकदा मैत्रिणीचं ऐकून घरात "भूत" म्हणाले, तर बाबांनी हातात कंदील दिला आणि म्हणाले, "जाय, घिऊन ये. पाहू दे मलेही."

अशी मी आज तुमच्या पंगतीला येऊन बसले आहे. हसा, खुशाल हसा. मीही हसतच लिहिते आहे, कारण माझ्या अनुभवात घाबरण्यासारखं काहीच नाही.

साल चौऱ्याहत्तर असेल नाहीतर पंच्याहत्तर. महिना वैशाख. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यातले. आमचं गाव मेडशीच्या बाजूला, डांबरी सडक सोडून आत. एसटी मेडशीपर्यंत यायची, पुढे कच्चा रस्ता आणि मध्ये एक नाला. नाल्यात उतरायचा रस्ता असा की बैलसुद्धा आधी थांबून विचार करायचे.

माझे बाबा रस्त्याच्या कामावर मुकादम होते. त्यांच्याजवळ कायम एक पाणसळ असायची. म्हणजे ती लाकडी पट्टी, जिच्यात काचेची नळी असते आणि नळीत पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. बाबांचा जगात दोनच गोष्टींवर भरवसा होता, एक बाबासाहेब आणि दुसरा तो बुडबुडा.

आमच्या वस्तीनं तेव्हा विहार बांधला होता. भिंती बाबांच्या देखरेखीत उठल्या. आदल्या वर्षी नागपूरहून बुद्धांची मूर्ती आणली – प्लास्टरची, पांढरीशुभ्र, बसलेली. मेडशीपासून बैलगाडीत. बाबा स्वतः मूर्तीला कवेत धरून बसले होते. नाल्याच्या उतारावर गाडी पुढे कलली, धक्का बसला... मूर्ती बाबांच्या हातातून सुटली नाही हो, पण मानेशी तडकली.

कोणी बाबांना एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं! त्यानंतर माझा बोलका बाप वस्तीच्या बैठकीत मागे भिंतीला टेकून बसायचा आणि मुकाट्यानं घरी यायचा. विहाराकडून जायची वेळ आली तर लांबून वळसा घालायचा. मला फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा, कोणावर ते कळायचं नाही.

वर्षभरानं दुसरी मूर्ती ठरली. आणायला मुकादमच पाहिजे, असं लोकांनीच ठरवलं. बाबा घरी येऊन आत्याला – म्हणजे त्यांच्या मोठ्या बहिणीला – म्हणाले, "बाई, या वक्ती काही झालं तं मी या वस्तीत राह्यत नाई." ते गंमत करत नव्हते. मूर्ती ट्रकनं वाशीमपर्यंत आली. मूर्तिकाराचा निरोप होता की आडवी करू नका, बसलेलीच न्या, आणि पुढे-मागे कलू देऊ नका, मान नाजूक आहे.

आता या गोष्टीत वामनकाका येतात. वामनकाका म्हणजे गावातले शेतकरी, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त, आणि मिलिटरीच्या लिलावातल्या एका जुन्या जीपचे मालक. बायकोला कधी एवढं जपलं नसेल. काकी म्हणायच्याच, "पुढच्या जन्मी मी जीप होईन, मंग तं पाहान मायाकडं." त्या जीपच्या मागच्या बाजूला काकांनी स्वतःच्या डोक्यानं एक शोध लावला होता. मोटारीच्या जुन्या ट्यूबा घड्या घालून, गोणपाटात गुंडाळून, गाडीचा सांगाडा आणि मागच्या चाकांचा दांडा यांच्या मधात कोंबल्या आणि हातपंपानं हवा भरली. त्याला ते 'हवाई गादी' म्हणायचे. धक्के खरंच कमी झाले. पण मागची बाजू एवढी उचलली गेली की जीप पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखी दिसायची.

बाबांनी पाणसळ जीपच्या मागच्या तळावर ठेवली. बुडबुडा पार मागच्या टोकाला जाऊन चिकटला.

"वामन्या, हे अशी नाकावर पडेल गाडी अन् तिच्यात मूर्ती? पयल्याच उतारावर तुह्या मांडीवर येऊन बसन ते."

"मंग हवा कमी करतो."

"हवा कमी केली तं धक्के बसतीन."

"अबे मुकादम, मंग नाकच उचलतो ना! त्याले काय लागते?"

काय लागते म्हणता म्हणता दोन दिवस गेले. पुढच्या कमानीत, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगमध्ये, जादा पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्या घालायच्या, म्हणजे नाक वर येईल, हा काकांचा हिशोब. बरोबरच होता. पण पाटे आणायचे कुठून? तर या गृहस्थानं मागच्याच कमानीतले पाटे काढले आणि कापून पुढे घातले! मी म्हटलं, "काका, मागं मंग वजन कोन धरन?" तर म्हणाले, "हवा धरन ना, बेटा! हवा कायले हाय मंग?" मूर्तीच्या वजनाची ज्वारीची पोती मागे ठेवली, पंप मारला, पाणसळ ठेवली. बुडबुडा डुलत डुलत आला आणि बरोबर मधात थांबला. वामनकाका अंगणात नाचले. बाबा नाचले नाहीत, त्यांनी पाणसळ उलटी करून पुन्हा पाहिली.

ठरल्या दिवशी सकाळी वाशीमहून निघालो. काका गाडी चालवत, शेजारी बाबा. मागे गाद्यांवर मूर्ती, तिला दोन बाजूंनी धरून आत्या आणि मी. मूर्तीच्या पुढ्यात, गाडीच्या लांबीत, पाणसळ बांधलेली. बाबांना मागे वळून बघायची हिंमत नव्हती. समोर बघत बघतच ते विचारायचे, "सुमन, बुडबुडा कुठं हाय?"

"मधात, बाबा."

पाच मिनिटं झाली की पुन्हा तेच. शेवटी आत्या करवादली, "काहून तिचा जीव खाऊन राह्यला रे? तो बुडबुडा काय पळून जाते?"

मालेगावला चहाला थांबलो. कपात चहा ओतलाच होता, तेवढ्यात फाट्टदिशी आवाज झाला! दुकानदारासकट सगळे दचकले. काकांनी जीपभोवती चक्कर मारून चारही चाकांना लाथा घातल्या. टणटणीत. "माह्या गाडीचं काही नोय," म्हणाले, "कोनं फटाका फोडला असन." आम्ही पुढे निघालो. मेडशीच्या अलीकडे पुन्हा तसाच आवाज, या वेळी अगदी खालून. पुन्हा चाकं बघितली. पुन्हा टणटणीत. ऊन असं होतं की कोणाला वाकून बघायचीही इच्छा नव्हती.

आणि खरं सांगते, बघावं असं काही वाटलंच नाही. गाडी मस्त चालली होती! कच्चा रस्ता लागला तरी हादरा म्हणून नाही. आत्या चक्क पेंगायला लागली. "पाळण्यात बसल्यावानी वाटून राह्यलं वं," म्हणाली.

मग नाला आला.

काकांनी गाडी हळू केली. बाबांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली, मला मागून त्यांची मान दिसत होती, घामानं भिजलेली. जीप उतारावर गेली. समोर काचेतून मला नाल्याचा तळ दिसत होता, म्हणजे आम्ही खाली तोंड करून उतरत होतो, यात शंका नाही. मी मूर्तीला घट्ट धरलं आणि पाणसळीकडे पाहिलं.

"सुमन... बुडबुडा?"

मी पाणसळीकडे पुन्हा पाहिलं. उतारावर बुडबुडा मागे पळायला पाहिजे. पळायलाच पाहिजे! सहावीचं पोरगंही सांगेल.

"सुमन!"

"मधात हाय, बाबा."

"खोटं नोको बोलू!"

"मधात हाय म्हनते ना! हालूनच नाई राह्यला!"

आत्यानं वाकून पाहिलं आणि नुसतं "अगाई!" म्हणाली. मूर्ती तसूभर कलली नाही. माझ्या हातांना भार म्हणून जाणवला नाही. तळातल्या रेतीतून पलीकडे चढलो, चढावरही बुडबुडा तिथेच. वर आल्यावर बाबांनी दांडी सोडली आणि उपरण्यानं तोंड पुसलं. तोंडच पुसत होते की आणखी काही, ते मी विचारलं नाही.

गावाच्या शिवेवर सगळी वस्ती उभी होती. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, लेझीम, डफडं, पोरांचा कल्ला! 'जयभीम'च्या घोषात विहारापर्यंत आलो. चौघांनी मूर्ती अलगद उचलली आणि चौरंगावर ठेवली. बाबा जवळ गेले, मानेवरून बोट फिरवलं, सगळीकडून, एकदा आणि पुन्हा एकदा. तडा नाही, ओरखडासुद्धा नाही.

आणि त्याच क्षणी मागून आवाज आला – धप्प!

वळून पाहतो तर जीपची मागची बाजू खाली बसलेली आणि नाक आभाळाकडे. जणू म्हातारी हुश्श करून ओसरीवर टेकली. आधी सगळे दचकले आणि मग जे हसायला लागले... लेझीमवाली पोरं पोट धरून बसली.

मला मात्र हसू येईना. अहो, वजन उतरवल्यावर गाडी वर येते! खाली कशी बसेल? काका खाली घुसले आणि ट्यूबा ओढून बाहेर काढल्या. दोन्ही फाटलेल्या, हातभर चिरा, आतपर्यंत मुरमाची धूळ. मालेगावला एक गेली होती, मेडशीजवळ दुसरी. सकाळच्या गारव्यात काकांनी दाबून हवा भरली, उन्हात ती फुगली आणि ट्यूबा फुटल्या, हे मी तिथल्या तिथे सांगितलं. एवढं सोपं आहे. पण मग मेडशीपासून विहारापर्यंत ती मागची बाजू कशावर उभी होती? पाटे तर काकांनी आधीच काढलेले! आणि उतारावरच्या बुडबुड्याचं काय?

"चमत्कार झाला!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. एक जण हार घेऊन जीपकडे निघाला. वामनकाका हात जोडून म्हणाले, "मुकादम, हे तुह्या भगवानाचंच काम हाय बरं."

हारवाला जागीच थांबला. कारण बाबांसमोर 'चमत्कार' म्हणणं म्हणजे काय, ते वस्तीला माहीत होतं.

"वामन्या," बाबा म्हणाले, "बुद्ध असं काही करत नाई, म्हनूनच तं आमी त्याच्या मांगं गेलो, लेका."

"मंग कोनं केलं?"

बाबांनी उपरणं काढून माझ्याकडे दिलं. ते कडक इस्तरीच्या पांढऱ्या कपड्यांनिशी त्या जीपखाली आडवे झाले. आम्हाला नुसते पाय दिसत होते. आतून ठोकल्याचे, खरवडल्याचे आवाज येत होते. मधेच हात बाहेर आला, "पाणसळ दे." दिली. बराच वेळ गेला. बायका कुजबुजायला लागल्या, आत्या म्हणाली, "झोपला का काय हा?"

शेवटी ते बाहेर आले. सदरा काळा, केसांत माती, नाकावर ग्रीस. सगळी वस्ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी एकदा जीपकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि म्हणाले,

"मले नाई समजलं."

आणि हसायला लागले. वर्षभर न हसलेला माणूस असा हसला की डोळ्यांतून पाणी! वामनकाकांनी त्यांना मिठी मारली, ग्रीस त्यांच्याही सदऱ्याला लागलं. तो हार बाबांनी हिसकून जीपऐवजी काकांच्या गळ्यात घातला. कोणीतरी डफडं वाजवलं आणि माझा बाप लेझीम हातात घेऊन पोरांच्या ओळीत, सगळ्यात पुढे उभा राहिला.

नंतर मी खूप डोकं खपवलं. आकृत्या काढल्या, इंजिनियर झालेल्या विद्यार्थ्यांना विचारलं. एक म्हणतो पाटे अडकले असतील, पण बाबांनी तेही पाहिलं होतं. दुसरा म्हणतो पाणसळ बिघडली असेल, पण तीच पाणसळ पुढे कित्येक वर्षं रस्त्याच्या कामावर चालली. तिसरा नम्रपणे म्हणाला, "बाई, तुम्हाला नीट आठवत नसेल." त्याला मी चहा न देता घालवला.

बाबा आता नाहीत. पण ते असेपर्यंत घरी पाहुणा आला की जेवणानंतर त्याला ही गोष्ट ऐकावी लागायची. अगदी क्रमानं, एकही शब्द वाढवायचे नाहीत. आणि पाहुण्यानं शेवटी विचारलं, "मंग मुकादम, ते झालं तरी कसं?" की बाबा मांडीवर थाप मारून, चेहरा उजळून सांगायचे, "मले नाई मालूम!" एवढ्या आनंदानं हे वाक्य म्हणणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. मलाही माहीत नाही, पण बाबांसारखं ते म्हणायला मला अजून जमत नाही.