चॉकलेटी डायल

मी ते घड्याळ उघडलंच नव्हतं. माझी चूक एवढीच, पण तिच्यापायी लातूरच्या एका बाईला भर पंगतीत चोर ठरवलं गेलं.

नांदेडला माझं घड्याळांचं दुकान आहे. दुरुस्ती करतो, जुनी भारी घड्याळं अस्सल आहेत का तेही बघून देतो. डायल, म्हणजे काट्यांमागची तबकडी, बदललेली निघाली तर किंमत कोसळते. म्हणून सगळे आधी डायलचंच विचारतात. आणि सगळ्यांना घाई.

हदगावचे दिलीपराव तसेच आले. वारलेल्या वडिलांचं स्विस घड्याळ बहिणीकडून दाखवायला म्हणून मागून आणलेलं. मोबाइलवर वडिलांचा जुना फोटो. फोटोत डायल काळी, हातातली चॉकलेटी. मी म्हणालो, ठेवून जा, उघडून बघावं लागेल. त्यांनी बसची वेळ सांगितली, मग फोटो दाखवला, मग पुन्हा बसची वेळ.

“डायल तीच हाय का न्हाई, तेवढं सांगा की.”

वैतागून मी भिंग लावलं, काचेवरूनच पाहिलं आणि बोलून गेलो, “ही ती नाही.”

वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्यांनी भावकीला ऐकवलं, बहिणीनं लातुरात मूळ डायल विकली. माझं नाव घेऊन.

मग ती बहीण, शोभाताई, स्वतः दुकानात आल्या. शिक्षिका. वडील शेवटी त्यांच्याकडेच होते. भावाकडून परत घेतलेलं घड्याळ काउंटरवर ठेवलं.

“सर, तुम्ही हे उघडलं होतं?”

“नाही.”

“मग आता उघडा. मी बसते.”

मागचं झाकण काढून मशीन डायलसकट बाहेर घेतलं. डायलची कड धातूच्या घेराखाली झाकलेली असते, तिथं ऊन पोचत नाही. ती कड काळीभोर होती. मधला भाग तेवढा विटलेला. जुन्या डायलींचे काही काळे रंग उन्हानं असे तपकिरी होतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. वडील काय करायचे, हे आत्ता विचारलं. कालव्याच्या सर्व्हेवर होते, नोकरीभर उन्हात.

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी थांबवलं.

“मला काय सांगता? मला ठाऊकच होतं. दादाला सांगा.”

फोन स्पीकरवर टाकला. दिलीपरावांना कड सांगितली, ऊन सांगितलं. ते म्हणाले, पण फोटोत तर काळी हाय. पुन्हा कड सांगितली. पुन्हा फोटो.

“फोटो राहू द्या,” मी म्हणालो. “डायल तीच आहे. ताईंनी काही विकलं नाही. न उघडता बोललो, मी चुकलो. पंगतीत ज्यांना माझं नाव सांगितलं त्यांचे नंबर द्या, एकेकाला फोन करून हेच सांगतो.”

मग मी समोर बघितलं.

“ताई, माफ करा.”