सोमवारी कोण येणार?

पडद्यांच्या दुकानात सव्वीस वर्षं शिलाई मशीन चालवल्यावर झालरताईंचा उजवा खांदा आखडला. केस डाव्या हाताने विंचरायची सवय त्यांनी लावून घेतली, पण अस्तराचा जड पडदा सुईखालून ओढायचा तर दोन्ही हात लागतात. डॉक्टरांनी मशीन सोडायला सांगितलं. दुकानाच्या मालकीणबाईंनी ते ऐकून घेतलं आणि काचेच्या दाराजवळच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे फोन होता. तो घेणारी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी चालली होती. आजूबाजूला नव्या उंच इमारती उभ्या राहिल्यापासून निम्मे फोन इंग्रजीत यायचे: खिडकीचं माप, कापडाचा प्रकार, पडदे कधी मिळतील. पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा ताईंनी ते टेबल सांभाळून दाखवायचं होतं. जमलं तर खुर्ची त्यांची. नाही जमलं तर त्यांना देण्यासारखं दुसरं काम दुकानात नव्हतं. हे शेवटचं मालकीणबाईंनी खाली बघत, पण स्पष्ट सांगितलं.

झालरताई हे नाव दुकानातलं. पडद्याच्या माथ्यावरच्या झालरीला चुण्या घालताना त्या खडूची खूण करत नसत. बोटांच्या अंदाजाने कापड दुमडत जायच्या, आणि मोजून पाहिलं तर एक चुणी दुसरीपेक्षा सूतभर मोठी निघायची नाही. कापड कापणारे मास्तर नव्या गिऱ्हाइकांना सांगायचे, या बाईंच्या बोटांत टेप शिवलेली आहे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मूलबाळ नव्हतं. तो गेला त्याला आठ वर्षं झाली. त्यानंतर चार वर्षांनी बहिणीची मुलगी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आली आणि शिक्षण संपलं, नोकरी लागली, तरी राहिली. दोन खोल्यांत दोघींचं छान जमलं होतं. एकीने भाजी निवडायची, दुसरीने बडबड करायची, आणि बडबड बहुधा मावशीची असायची. कोणत्या गिऱ्हाइकाने पडदा उलटा टांगून वर तक्रार केली, मास्तरांनी त्याला कसं गप्प केलं, ते त्या सगळ्यांचे आवाज काढून सांगायच्या. भाची पोट धरून हसायची. "मावशी, तू शिवणकामात फुकट गेलीस," म्हणायची.

ही भाची इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी ऐकायचे धडे तयार करत असे. दर मंगळवारी एक धडा, मोबाइलवर ऐकण्याजोगा. दोन माणसांचं चार मिनिटांचं साधं बोलणं: कधी दवाखान्यात, कधी बसथांब्यावर, कधी चपलांच्या दुकानात. दोन्ही आवाज तीच काढायची. गमतीच्या जागी हसू घालायची. शेवटी पाच प्रश्न. तोवर चौदा धडे झाले होते; ऐकणारे बरेच होते आणि वाढत होते. फोनच्या टेबलाचं कळल्यावर तिने मावशीचा मोबाइल मागून घेतला, पहिला धडा लावून दिला आणि म्हणाली, "वाचायचं नाही, लिहायचं नाही. आधी कान."

सुरुवातीला ताईंना धड्यातलं फक्त हसू कळायचं. छापलेले शब्द अंतर राखून उभे असतात. बोललेले शब्द एकमेकांच्या अंगावर रेलून येत. 'डिजू' हा शब्द त्यांना तीन वेगवेगळ्या धड्यांत ऐकू आला, तेव्हा हे कुणाचं तरी आडनाव असणार असं त्यांनी धरलं. ते 'डिड यू' निघालं. पुढे आठवडाभर डिजू त्यांच्या घरी पाहुणा होता. भाची जेवताना विचारायची, डिजूला वाढलं का, आणि मावशी म्हणायची, तो बाहेरून खाऊन आलाय. हळूहळू शब्द सुटे होऊ लागले. पाचव्या धड्याला पाचांतले दोन प्रश्न बरोबर आले, बाराव्याला तीन. खांदा सांभाळत हलक्या पडद्यांच्या कडा शिवताना त्यांच्या कानात दिवसभर भाचीचा आवाज असायचा.

संध्याकाळी अर्धा तास दोघी फक्त इंग्रजीत बोलायच्या. भाची मांडीवर वही घेऊन बसायची आणि मावशीच्या चुका टिपून घ्यायची. तुझ्या चुकांवरूनच मला कळतं काय शिकवायचं ते, असं तिने सांगितलं होतं. ताईंना ते पटलं होतं, आवडलंही होतं.

अशाच एका संध्याकाळी, 'ऑफ' शब्दाचे अर्थ चालले असताना, ताईंनी तिला ऑफिसातली गोष्ट सांगितली. सख्ख्या बहिणीला कधी सांगितली नव्हती.

नवरा गेल्यावर कागदांसाठी त्या त्याच्या कंपनीत गेल्या होत्या. तिथला साहेब नवा, इंग्रजीशिवाय काही न बोलणारा. त्याने नवरा कुठे आहे म्हणून विचारलं. त्या दिवसांत ताईंना एकच इंग्रजी शब्द खात्रीने येत होता. भेटायला येणारा प्रत्येक जण तोच वापरत होता: कधी ऑफ झाले, कसे ऑफ झाले. 'मेले' म्हणायला जीभ वळत नव्हती, आणि 'ऑफ' तर इंग्रजीच, साहेबाला समजणारच. घसा साफ करून त्या म्हणाल्या, "माय हजबंड इज ऑफ." साहेबाला वाटलं, नवरा रजेवर आहे. परत कधी येणार, असं त्याने विचारलं. ताईंना त्यातला 'व्हेन' तेवढा कळला. कागद कधी आणणार असं विचारतोय असं समजून त्यांनी सांगितलं, "मंडे." साहेबाने मान डोलावली, एक फॉर्म पुढे केला आणि सोमवारी नवऱ्याने येऊन जिथे सही करायची तिथे पेन्सिलने फुली मारली. ताई थँक यू म्हणून घरी आल्या. फुलीशेजारी छापलेलं नवऱ्याचं नाव वाचलं, तेव्हा त्यांना सगळं कळलं.

"आणि रविवारी मी त्यांचा शर्ट इस्त्री केला गं," त्या म्हणाल्या. "सगळं समजत होतं, तरी केला."

भाचीने वही बाजूला ठेवली होती. पेनाला टोपण होतं. तिने मावशीचा दुखरा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

एकोणिसावा धडा आला तेव्हा परीक्षेचा आठवडा सहा दिवसांवर होता. तो ताईंनी आधी दुकानात ऐकला. पडद्यांना कड्या लावणारी मुलगीही हे धडे ऐकायची. जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाइल डब्यांच्या मध्ये ठेवून आवाज मोठा केला. एक बाई, एक साहेब. मोबाइलमधलं हसू आलं तसे मास्तर हसले, कड्यावाली हसली, दारात उभ्या मालकीणबाईही हसल्या. डब्यांच्या झाकणांच्या आवाजात ताईंना निम्मंच ऐकू आलं. पण सगळे हसत होते म्हणून त्याही हसल्या.

दुपारी मशीनवर बसून त्यांनी तो कानात लावला. धड्यातली बाई प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करत होती. जाड, घाबरलेला आवाज. तिचा नवरा ऑफ होता. साहेब विचारत होता, परत कधी. पहिल्यांदाच ताईंना एक शब्दही निसटला नाही. 'मंडे' म्हटल्यावर हसू होतं, मग बाईचं थँक यू, मग आणखी मोठं हसू. मग भाची स्वतःच्या स्वच्छ आवाजात प्रश्न विचारू लागली. तिसरा प्रश्न होता: सोमवारी कोण येणार? एक, नवरा. दोन, साहेब. तीन, कोणीही नाही.

ताईंनी तिसरं उत्तर दाबलं. बरोबर. त्या धड्यात त्यांना पाचांपैकी पाच मिळाले. असं आजवर झालं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी एका पडद्याची कड सुलट्या बाजूला दुमडून शिवली. मास्तरांनी टाके उसवून दिले.

घरी त्यांनी चपला काढल्या, हात धुतले, आणि एकोणिसावा ऐकला, एवढंच म्हणाल्या. भाचीचा चेहरा उतरला. मग ती भराभर बोलू लागली. इतका कुठलाच धडा लोकांनी ऐकला नव्हता. आपणही अशाच चुका करतो, आता भीती गेली, असं किती जणांनी कळवलं होतं. शिकणाऱ्यांना खऱ्या चुकाच उपयोगी पडतात.

"आणि नाव कुठे घेतलंय तुझं? ती तू आहेस हे कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं," ताई म्हणाल्या. "तूच शिकवलंस ना कळायला."

ताईंनी ओढणीने हात पुसले. चूक घेतलीस ते घेतलीस, त्या म्हणाल्या, ती कुणाचीही असू शकते. "पण सोमवार कशाला घेतलास?"

"सोमवार नसता तर हसू येत नव्हतं," भाची खाली बघत म्हणाली. मग, जणू ही बाजूही मोजली जावी, असं हळूच म्हणाली, "शर्टाचं मी नाही घातलं, मावशी."

म्हणजे शर्टाचाही विचार झाला होता. ठेवायचा की काढायचा, हे कुठेतरी टेबलाशी बसून ठरवलं गेलं होतं. ताई उठून आतल्या खोलीत गेल्या.

भाचीने त्याच संध्याकाळी धडा काढून टाकला आणि तसं दाराबाहेरून सांगितलंही. पण दुकानात तो शब्द राहिला होता. गिऱ्हाइकाचे पडदे कधी तयार होणार असं कुणी विचारलं की कड्यावाली घसा साफ करून म्हणायची, "मंडे," आणि मास्तर तोंडात खडू धरूनच हसायचे. त्यांना काय माहीत. ताई मान वर करत नसत.

पाच दिवस उरले होते. ताईंनी दुसऱ्या कुणाचे तरी धडे शोधून लावले. कुणा पुरुषाचा आवाज होता. शब्द पुन्हा एकमेकांच्या अंगावर रेलू लागले; डिजू सुद्धा ओळखू येईना. तीन दिवस त्यांनी नेटाने ऐकलं आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला इंग्रजी कळत नाही, भाचीचं इंग्रजी कळतं. कान त्या एका आवाजाचा झाला होता. खुर्ची हवी असेल तर त्याच आवाजाकडे परत जायला हवं होतं.

त्या परत गेल्या. पहिल्यापासून अठराव्यापर्यंत सगळे धडे त्यांनी पुन्हा ऐकले. बसथांबा, दवाखाना, चपलांचं दुकान. आवाज तोच होता, गोड, न थकणारा. आता मात्र प्रत्येक धड्यातल्या प्रत्येक गोंधळलेल्या माणसाशी त्या थांबायच्या आणि हा कोण असेल, याने कुणाला विश्वासाने काय सांगितलं असेल, असं त्यांच्या मनात यायचं.

परीक्षेच्या आठवड्यात पहिल्या दिवशी त्यांनी एका बाईला तीनदा परत बोलायला लावलं. रुंदी पंधरा की पन्नास, ते कळेना. शेवटी त्यांनी आकडे सुटे करून विचारले, वन फाइव्ह की फाइव्ह झीरो, आणि पलीकडची बाई म्हणाली की असं विचारलंत ते बरं केलंत, मागच्या दुकानाने पडदे छोटे शिवले होते. मालकीणबाई कापडाच्या गठ्ठ्यामागून ऐकत होत्या. तिसऱ्या दिवसापासून त्या गठ्ठ्यामागे उभ्या राहिनाशा झाल्या. सहाव्या दिवशी त्यांनी खुर्चीच्या पाठीला नवी गादी आणून लावली. "टेकायला बरं पडेल खांद्याला," एवढंच म्हणाल्या.

त्याच दुपारी एका गृहस्थाचा फोन आला. बैठकीच्या खोलीला आठ पडदे हवे होते. कापडाचा नमुना घ्यायला ताई रिसीव्हर कानाशी धरून उभ्या राहिल्या, तेवढ्यात तो जरा दरडावून म्हणाला, "सिट डाउन." ताई चटकन बसल्या. "गुड गर्ल," तो म्हणाला. ताईंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "थँक यू, सर." पलीकडे एक कुत्री भुंकली, आणि तो माणूस हसू आवरत माफी मागू लागला, मी तिला सांगत होतो हो, तुम्हाला नाही. ताईंना शब्दन् शब्द कळला. त्या इतक्या हसल्या की माप लिहायचा कागद डोळ्यांना लावावा लागला. तोही हसत होता. आठही पडद्यांची मापं त्यांनी बिनचूक उतरवून घेतली.

संध्याकाळी भाचीने कोथिंबिरीची जुडी पुढ्यात ओढली आणि पूर्वीसारखंच विचारलं, "आज काय झालं दुकानात?"

"काही नाही," ताई म्हणाल्या. "खुर्ची मिळाली. आठ पडद्यांची ऑर्डर आली."

भाची हसायच्या तयारीत पुढचं ऐकायला थांबली. ताई देठ मोडत राहिल्या.