लीव्ह म्हणजे काय

फुटबॉलचं नाव काढलं की माझं डोकं अजून फिरतं. घरातली पोरं विचारतात, आबा, तुम्ही खेळायचात ना? खेळायचो. चांगला खेळायचो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट, धुळ्याच्या एका हायस्कुलात मी लेफ्ट बॅक होतो आणि माझ्या बाजूनं सहजासहजी कोणी पुढे सरकत नसे. हे मीच सांगतो, कारण त्या संघातलं दुसरं कोणी सांगणार नाही.

माझं गाव पारोळ्याकडचं. धुळ्यात आमचं ना कोणी नात्याचं, ना ओळखीचं. हॉस्टेलात जागा मिळाली ती निव्वळ खेळावर. खेळाचे मास्तरच हॉस्टेलचे सुपरिंटेंडंट होते आणि संघातल्या खेड्यातल्या पोरांना त्यांनी कोपऱ्यातली एक खोली दिली होती. त्या खोलीत आम्ही दोघं. मी आणि आमचा सेंटर हाफ. तो दोंडाईच्याकडचा, माझ्यासारखाच शेतकऱ्याचा. “संघात आहात तोवर खोली आहे,” असं मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. संघ सुटला की खोली सुटणार, खोली सुटली की शाळा सुटणार. गावी चौथीच्या पुढं शिकायची सोय नव्हती.

मास्तर पुण्याकडचे. आमच्या अहिराणीचा त्यांना इतका तिटकारा की आम्ही तोंड उघडलं की नाकाला रुमाल लावल्यासारखा चेहरा करायचे. आम्ही शिकत होतो, शिव्या खात शिकत होतो, पण खेळताना घाईत तोंडून निघणार ते आईचंच. “ली ये”, “ली जाय”, “दे रे भाऊ”. ते ऐकलं की मास्तर शिट्टी फुंकून खेळ थांबवायचे आणि सगळ्यांसमोर आमची पूजा बांधायचे. सेंटर हाफ लवकरच शहाणा झाला; मास्तरांसमोर तो शुद्धच बोलायचा, त्याची अहिराणी फक्त आमच्या खोलीत.

त्यांनी फळ्यावर फुटबॉलचे शब्द लिहून दिले आणि सांगितलं, पाठ करा, परीक्षा घेणार. हाफ बॅक म्हणजे अर्धी पाठ, असं एकानं लिहून दाखवलं आणि मार खाल्ला. पेनल्टी म्हणजे दंड, हे कळलं, पण तो कोर्टात भरायचा का मास्तरांकडे, हे कळेना. ऑफसाइडनं तर सगळ्यांना रडवलं. मास्तरांनी रेघा काढल्या, बाण काढले, चिडून खडू मोडला. कोणाच्या डोक्यात काडीचा उजेड पडला नाही.

रात्री विचार करता करता ऑफसाइड मला उमगलं आणि खोलीत मी सेंटर हाफला आमच्या भाषेत समजावलं. म्हटलं, बॉल म्हणजे नवरदेव समज आणि पुढं पळणारा गडी म्हणजे वऱ्हाडी. “नवरदेव आजून मारुतीपाशी शे, आनि हाऊ आधीच मांडवमा जाई बसना, हाई ऑफसाइड!” मांडवाच्या दारात नवरीकडचे दोघं तरी उभे असतील तर चालतं, नाहीतर उठवून देतात. तो पोट धरून हसला. “आते समजनं रे भाऊ!” म्हणाला. दुसऱ्या दिवशी परीक्षेत त्यानं शुद्ध मराठीत धडाधडा उत्तर दिलं आणि मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. मला आनंदच झाला. खोटं कशाला बोलू, तो मला भावासारखा होता.

आता गोलकीपर. एका वकिलाचा मुलगा, धुळ्यातलाच. गोरा, उंच, घरून धुतलेले मोजे घालून येणारा. त्याला अहिराणी येत नव्हती, पण एक गोष्ट मात्र त्यानं बरोबर उचलली होती. आमच्यात बाईमाणसाला हाक मारताना ‘व’ लावतात. काय व, ये व, असं. हा लेकाचा मला वर्षभर तशा हाका मारायचा. मी मैदानावर आलो की, “काय व, कथा चालनी?” म्हणजे, काय गं, कुठं चाललीस? ते ऐकून बाकीचे शहरी खी खी करणार. गावी मला कोणी असं म्हटलं असतं तर त्याचे दात त्याच्या हातात दिले असते. इथं खोलीकडे बघून गिळत होतो. मास्तर ऐकत असत आणि दुसरीकडे बघत. त्याची अहिराणी त्यांना कधी टोचली नाही.

मग जळगावच्या शाळेशी सामना ठरला, जळगावातच. आदल्या दिवशी मास्तरांनी फर्मान काढलं, की तिथं कोणी मोठा साहेब बघायला येणार आहे, तर मैदानावर एकही देशी शब्द ऐकू येता कामा नये. जे काही ओरडायचं ते इंग्रजीत. आम्ही चाळीसगावला गाडी बदलून गेलो. डब्यात पोरं शूट, पास, कॉर्नर घोकत होती. मीही घोकत होतो.

सामना शेवटापर्यंत कोरा चालला होता. मी जीव तोडून खेळत होतो. त्यांचा एक लांब बॉल हवेतून आमच्या गोलाकडे आला. मी त्याच्या खाली, मागे गोलकीपर. रोज असा बॉल आला की तो ओरडायचा, “सोड!” मी सोडायचो, तो धरायचा. त्या दिवशी साहेब बघत होता. मागून हाक आली.

“लीव्ह!”

मला काय ऐकू आलं? “ली व!” आमच्यात ली म्हणजे घे. घे गं बाई! एवढ्या माणसांत, जळगावात, साहेबासमोर हा मला पुन्हा बाई करतोय! तळपायाची आग मस्तकात गेली. घे म्हणतोस ना, हे घे! मी गर्रकन वळलो आणि अंगात होता तेवढा जोर लावून बॉलला लाथ मारली. तोवर तो पुढे आला होता. बॉल त्याच्या तोंडावर आदळला, तिथून उडाला आणि आमच्याच गोलात गेला. त्याचा ओठ फाटला. जळगावची पोरं नाचायला लागली. काय झालं ते मला शिट्टी वाजेपर्यंत कळलंच नव्हतं.

परतीच्या गाडीत माझ्याशेजारी कोणी बसलं नाही. फक्त सेंटर हाफ बसला. “तुन्ही चूक नई रे,” असं हळूच म्हणाला. मला तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळा संघ वर्गात उभा केला. गोलकीपर ओठाला पट्टी लावून खुर्चीवर.

“लीव्ह म्हणजे काय?” मास्तरांनी मला विचारलं.

इंग्रजीच्या तासाला आम्ही रजेचा अर्ज लिहायला शिकलो होतो. मला तेवढंच माहीत. म्हणालो, “रजा, सर.”

वर्गात हशा फुटला. फाटक्या ओठानं गोलकीपरही हसला. मास्तर म्हणाले, “फळ्यावरचे शब्द पाठ करून अक्कल येत नाही, दिसलं ना? लीव्ह म्हणजे सोड, गाढवा.”

“मला ‘ली व’ ऐकू आलं सर. आमच्यात त्याचा अर्थ घे गं असा होतो. आणि हा वर्षभर मला बाईसारख्या हाका मारतो. विचारा त्याला.”

“मी? छे!” तो म्हणाला.

मास्तर म्हणाले, मुद्दाम मारलंस, आणि वर भाषेच्या आड लपतोस. असली भाषा असते तरी का? मग त्यांनी सेंटर हाफकडे बोट केलं. “तू त्याच भागातला ना? सांग. हा म्हणतो तसं तुमच्यात बोलतात? खरं असेल तर मी याला ठेवतो.”

मी सुटकेचा निःश्वास टाकला. अहो, आदल्याच दिवशी गाडीत तो माझ्याशी त्याच बोलीत बोलला होता! त्यानं एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा गोलकीपरकडे. माझ्याकडे पाहिलं नाही.

“मला ती बोली येत नाही, सर. आमच्या घरी कोणी तसं बोलत नाही.”

आमच्या बोलीत ण चा न होतो, पण ‘कोणी’मधला ण सुद्धा त्यानं चुकवला नाही.

मास्तर म्हणाले, संध्याकाळच्या आत खोली रिकामी कर. खोलीत येऊन कपडे ट्रंकेत कोंबत होतो, तेवढ्यात सेंटर हाफ मागून आला. दार लोटून घेतलं. डोळे भरले होते त्याचे, ते मी पाहिलं.

“भाऊ, राग नको धरू रे,” तो म्हणाला. “मी खरं सांगतू ते मन्ही बी खोली जाती. मन्हा बाप माले मारी टाकता.”

त्याचा शब्द न् शब्द मला कळला. मी ट्रंकेची कडी लावली, उभा राहिलो आणि त्याच्यासारख्याच स्वच्छ मराठीत म्हणालो, “मला ती बोली येत नाही.”

मग ट्रंक उचलली.