वेबसाइटचा चौविहार

राजुरीहून फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मोठ्या साध्वीजींचा पाय मुरगळला होता, आज त्या बोरीला चालत जाणार नव्हत्या. जुन्नरच्या जैन संघाची वेबसाइट संघाचे चिटणीस माणिकचंद यांची सून नीलम सांभाळायची. दर्शनाला येणारी पुण्या-चिंचवडची माणसं साइट पाहूनच दहाला गाडी काढत, नि तिथं मुक्काम बोरी लिहिलेला.

पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होईना. ‘या वेळेत प्रवेश बंद’ एवढंच पुन्हा पुन्हा येई.

“तुझ्या भरवशावर मी फोन करायचं सोडलं,” माणिकचंद येरझाऱ्या घालत म्हणाले. “आता बोरीला जाऊन लोक काय भिंतींचं दर्शन घेतील?”

बंदची वेळ नीलमनंच घातली होती. सूर्य मावळला की घरात चौविहार, कुणी पाणीही घेत नसे. साइटला जोडलेल्या सुरक्षेच्या प्लगिनमध्ये तशी सोय दिसली नि तिनं साइटच्या लॉगिनलाही रात्रीचं कुलूप लावलं. पण आता तर ऊन ओट्यावर आलेलं!

मग तिची नजर कालच्या सूचनेवर गेली. टाकली संध्याकाळी सहाला, खाली वेळ दुपारी साडेबाराची. साइटचं घड्याळ परदेशी, साडेपाच तास मागं होतं, तिथं अजून रात्रच होती.

तिनं साइट जिथं ठेवलेली त्या होस्टिंगचं खातं उघडून प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदललं. प्लगिन बंद पडलं, लॉगिन झालं. ‘मुक्काम राजुरीच’, तिनं टाकलं.

दहाला चिंचवडहून फोन आला, “राजुरीलाच यायचं ना?”

साइटच्या रात्रीच्या कुलपाची गोष्ट ऐकून माणिकचंद खुर्चीत टेकले. “झालं का गं तिचं पारणं?”

“झालं, पप्पाजी. आता तिला चौविहार नको.”