दत्ताजी पडेपर्यंत

सिल्वासातल्या आमलीत शोकसभा असावी आणि अरविंद साटम सर बोलायला नसावेत, असं गेल्या वर्षापर्यंत कधी झालं नाही. सर मूळचे देवगडकडचे. सिल्वासाच्या एका मराठी शाळेत त्यांनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. सनावळीत ते कच्चे होते, हे त्यांचे विद्यार्थी आजही टपरीवर चहा पिता पिता सांगतात. पण मरणात पक्के. कोण कधी जन्मला ते चुकेल, मरताना काय बोलला ते चुकायचं नाही.

रोमन शिपाई तलवार उपसून डोक्यावर उभा आहे आणि आर्किमिडीज त्याला म्हणतोय, माझ्या वर्तुळांना हात लावू नकोस. फ्रान्सच्या राणीचा पाय वधस्तंभाशी जल्लादाच्या पायावर पडतो आणि ती म्हणते, माफ करा, मुद्दाम नाही केलं. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे बुराडी घाटावरचा दत्ताजी शिंदे. त्याच्यासाठी सर टेबलाला पाठ लावून हळूहळू खाली सरकत, छातीवर हात दाबत, ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ म्हणत आणि मान टाकत. चष्मा तेवढा आधी काढून ठेवलेला असे.

दाराबाहेर घंटेखाली शाळेचा शिपाई चिंधा उभा असायचा. साक्रीकडचा, काटकुळा, कमी बोलणारा. तास संपला तरी तो घंटा द्यायचा नाही. एकदा मुख्याध्यापक अंगावर धावून आले, तर शांतपणे म्हणाला होता, “साहेब, आत दत्ताजी पडायचा राहिलाय.” सरांना आयुष्यात इतकी मोठी दाद दुसऱ्या कोणी दिली नसेल. घरी सुलभावहिनी तर ऐकता ऐकता भाजी निवडायला घ्यायच्या.

निवृत्तीनंतर वर्ग गेला आणि शोकसभा आल्या. तिथे सरांना वेगळीच अडचण. साधी माणसं जाताना काय बोलतात? टीव्ही बारीक कर म्हणतात, ही गोळी जेवणाआधीची की नंतरची म्हणून विचारतात. असलं काही माईकवर सांगता येत नाही. मग सर त्या शब्दांना जरा इस्त्री फिरवू लागले. घरच्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, मंडळी माना डोलवायची, कोणाचं काही बिघडत नव्हतं. इस्त्री फिरवायलाही कापड नसेल तेव्हा सर नवंच शिवायचे, पण ते कोणाला कळत नव्हतं. म्हणजे सुलभावहिनींखेरीज कोणाला.

डिसेंबरात चिंधा आजारी पडला. छातीत पाणी झालं, दवाखान्यात ठेवला. त्याची बायको पुतळाबाई तीन रात्री खाटेशी बसून होती. चौथ्या दिवशी सकाळी सर गेले आणि म्हणाले, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या, तासभर मी बसतो. ती अथालला आपल्या दोन खोल्यांकडे गेली. सर स्टुलावर बसले. चिंधा डोळे मिटून होता. दहा मिनिटांत सरांना कंटाळा आला, कारण गप्प बसणं हा त्यांचा प्रांतच नव्हे.

बाहेर व्हरांड्यात दुसऱ्या कोणाचे तरी नातेवाईक बसले होते. सरांनी दारात उभं राहून, पेशंट कुठले, गाव कुठलं, असं सुरू केलं आणि पाचव्या मिनिटाला ते बुराडी घाटावर पोचले. श्रोते चांगले होते, एकाने तर मोबाईल खिशात ठेवला. सर भिंतीला पाठ लावून सरकायला लागले, तेवढ्यात आतून हाक आली, “सर...”

हाक स्पष्ट ऐकू आली. सरांनी मागे न बघता हात वर केला. वर्गात मध्येच कोणी उठला की करायचे तसाच. थांब, आलोच. मग दत्ताजी पडला, नातेवाईक हळहळले, आणि सर आत आले तेव्हा चिंधा गेलेला होता.

पुतळाबाई डबा घेऊन आली ती दारातच खाली बसली. मग तिने विचारलं, “काही बोलला का हो तो?” त्या क्षणी सरांना खरं सांगता आलं असतं. पण तोंड सवयीचं. तोंडातून निघालं, “हो. म्हणाला, माझी माती... मला माझ्या मातीत न्या.” तिने डोळे मोठे करून त्यांच्याकडे पाहिलं. सरांना वाटलं, वाक्य लागलं. दहाव्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये माईकवर त्यांनी तेच आणखी फुलवून सांगितलं आणि साक्रीहून आलेला चिंधाचा थोरला भाऊ पंच्याने डोळे पुसत राहिला.

जानेवारीत एका संध्याकाळी चिंधाची मुलगी रोशनी सरांच्या घरी आली. अथालच्या पुढे एका धाग्याच्या कंपनीत ती क्वालिटीला आहे, गेल्याच वर्षी कायम झालेली. सुलभावहिनींनी पोहे केले, तिने हात लावला नाही. म्हणाली, आई खोल्या विकतेय, गिऱ्हाईकही ठरलं. आम्ही गावाला चाललो, काकांकडे. अस्थी आईने नदीत सोडल्याच नाहीत, गावच्या शेतात पुरायच्या म्हणते. मला परवा कंपनीत रिझाईन टाकायचंय.

“सर, पप्पा खरंच असं बोलले?” तिने विचारलं. “म्हणजे बोलले असतील तर आपण जाऊ, नो प्रॉब्लेम. पण नक्की ना?”

सरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. रोशनीने तो होकार धरला आणि स्कूटी काढून गेली.

दार लागल्यावर वहिनींनी पोह्यांची बशी उचलली. “अहो, एक विचारू? गेल्या वर्षी भगवंत कारकून गेला, तोही मातीत न्या म्हणाला होता ना? जन्म सिल्वासात, घर सिल्वासात. त्याला कुठल्या मातीत जायचं होतं, हे मी तेव्हाच विचारणार होते.” सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. “चिंधा गेला तेव्हा तुम्ही कुठे होतात?” सर चष्मा पुसतच राहिले. मग वहिनी नेहमीच्या चेष्टेच्या आवाजात बोलल्या नाहीत. “उद्या सकाळी जा. मी बरोबर येणार नाही,” एवढंच म्हणाल्या.

रात्रभर सरांनी कबुलीचं भाषण मनात बांधलं. सुरुवात कशी करायची, आवाज कुठे बसू द्यायचा. मध्येच त्यांना त्या राणीचं वाक्य आठवलं आणि ते चपापले. मुद्दाम नाही केलं, एवढंही म्हणायची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

अथालच्या खोलीत भांडी गोणपाटात बांधलेली होती. भिंतीवरचा चिंधाचा फोटो उतरवून पेटीवर पालथा ठेवलेला. पुतळाबाईने सरांना उरलेल्या एका खुर्चीवर बसवलं. रोशनी दाराशी बूट घालत होती, ती तशीच थांबली. सर म्हणाले, “पुतळाबाई, तो असं बोलला नाही. ते मी बनवून सांगितलं.” यात बांधलेल्या भाषणातलं एक अक्षर नव्हतं.

“मंग काय बोलला?”

“मी खोलीत नव्हतो. बाहेर लोकांना गोष्ट सांगत होतो.” इथे थांबता आलं असतं. सरांना तसा मोह झालाही. “त्याने मला हाक मारली. सर म्हणाला. मी थांब म्हटलं.”

पुतळाबाई गोणपाटाची गाठ नुसती चाचपत राहिली. शिव्या येतील म्हणून सर वाट बघत होते. आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“पाणी मांगत असंल,” ती म्हणाली.

रोशनीने पायातला बूट काढला आणि ती आत मोरीकडे गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ बंद झाला नाही.

“तीस वरसं झाली, त्यानी गावाचं नाव नई घेतलं,” पुतळाबाई बोलू लागली, सरांकडे न बघता. “भावांनी याला अंगावरच्या कपड्यानिशी काढला व्हता. माय मेली तेव्हा तेवढा गेला, पाणी नई पिता परत आला. आन् मरताना मला नई, तुमाला सांगतो, गावाला न्या? मी महिनाभर त्याच्याशी भांडते सर. फोटोशी. म्हनते, मला एकदा तरी सांगायचं व्हतं. मी कोनासंगं संसार केला, मलाच समजंना. म्हनून पालथा करून ठेवला त्याले.”

सरांनी आत्तापर्यंत खोल्यांचा, नोकरीचा विचार करून लाज वाटून घेतली होती. हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. आपण नुसतं एक वाक्य सांगितलं नव्हतं, तर या बाईचा ओळखीचा नवरा नेऊन तिच्या घरात कोणी परका माणूस ठेवला होता. मान खाली घालून ते दारातल्या आपल्या चपलांकडे बघत बसले आणि त्या घालून निघून जावं असं त्यांना फार वाटलं.

पुतळाबाईने कमरेचा मोबाईल काढला, नंबर लावला आणि त्यांच्यापुढे धरला. “माझा जेठ हाय. परवा टेम्पो घेऊन येनार. त्यालेबी तुमीच सांगा. माईकवर तुमीच सांगितलं व्हतं.”

पलीकडून मोठा, खुशीतला आवाज आला. सरांना बोलू न देताच तो सांगायला लागला की भावासाठी शेताच्या बांधावर जागा साफ केली, वर चिंधाचं वाक्य दगडावर कोरून घेतोय, सर, तुम्हीच उद्घाटनाला या. सरांनी दोनदा घसा खाकरला. मग सांगितलं. वाक्य खोटं आहे, दगड थांबवा, टेम्पो पाठवू नका.

पलीकडून शिव्या सुरू झाल्या, त्या अहिराणीत होत्या आणि सगळ्या कळल्या नाहीत तरी पोचल्या. कोणाच्या मयतीचा तमाशा केला, मास्तर म्हणवता, लाज कशी नाही, असं बरंच. सर फोन कानाशी धरून उभे होते. पुतळाबाई समोर गोणपाट सोडून एकेक भांडं बाहेर काढत होती, पातेलं, तवा, चिंधाचा पितळी पेला. रोशनी कंपनीत फोन करून सुपरवायझरला अर्धा तास उशीर होईल म्हणून सांगत होती.

शेवटी दमून चिंधाच्या भावाने विचारलं, “मंग माझा भाऊ मरताना काय बोलला, ते तरी सांगा.”

सरांनी पुतळाबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही.

“मला ठाऊक नाही,” सर म्हणाले. “त्याला बोलायचं होतं. मी ऐकलं नाही.”

फोन कट झाला. पुतळाबाईने तो त्यांच्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि कमरेला खोचला. चहा विचारला नाही. सर दारात चपला घालत होते तेव्हा ती पेटीवरचा फोटो उचलून, खिळा कुठे होता ते भिंतीवर हाताने शोधत होती.