भिंगदादांचा कौल

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे भिंगदादा म्हणायचे. मी काढलेल्या स्क्रीनवर एखादं बटण केसभर जरी सरकलेलं असलं, तरी ते लांबूनच ओरडायचे, "अगं, हे तुझं बटण तुझ्यासारखंच रुसून कोपऱ्यात बसलंय. ओढ जरा मध्ये." मी स्क्रीनची चित्रं काढायची आणि दादांनी त्यांचं चालतं-बोलतं अ‍ॅप करायचं, अशी आमची वाटणी. त्यांचं बोलणं ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मापून बघितलं की मात्र चूक माझीच निघायची, आणि मी तोंड वाकडं करून ती दुरुस्त करायची.

आमचं अ‍ॅप वयस्कर माणसांना औषधांची आठवण करून देतं. वेळ झाली की फोन वाजतो, गोळीचं नाव दिसतं, गोळी घेतली की बटण दाबायचं. काम एवढंच, पण फोन दोन जातींचे, म्हणून तेच अ‍ॅप दोनदा लिहावं लागायचं. एका जातीचं दादा लिहायचे, दुसऱ्या जातीचं बाकीची पोरं. इकडे दुरुस्ती झाली की तिकडे राहून जायची. दोन्हीकडच्या तक्रारी ऐकून मॅडम, म्हणजे आमच्या मालकीणबाई, मेटाकुटीला यायच्या.

दादांच्या एका कानात कायम इयरफोन असायचा. कोणती गाणी ऐकता विचारलं की म्हणायचे, "जुनी आहेत. तुम्हाला नाही पचायची." सगळ्यांना वाटायचं, माणूस रसिक आहे.

मलाही तसंच वाटायचं. मग एका दुपारी ते कपाटाच्या उघड्या दारावर सरळ जाऊन आपटले. दार चांगलं माणसाएवढं, भर उजेडात. मी खो खो हसले. ते हसले नाहीत. कपाळ चोळत मला जिन्यात घेऊन गेले आणि म्हणाले, "समोरचं दिसतं गं मला. पण नळीतून बघावं तसं दिसतं. आणि ती नळी बारीक होत चाललीये."

डॉक्टरांनी केव्हाच हात वर केले होते. घरी फक्त वहिनींना माहीत होतं आणि आता मला. त्यांनी तो इयरफोन काढून माझ्या कानाला लावला. आत गाणं-बिणं काही नव्हतं. एक बाई धाप लागल्यासारखी पळत पळत बोलत होती, "कंस सुरू, कंस बंद, नवी ओळ, कंस सुरू." कॉम्प्युटरवर लिहिलेलं सगळं ती दादांना वाचून दाखवायची. मला त्यातला एक शब्द धड कळेना. दादा म्हणाले, "हळू लावली तर झोप येते." आता मी हसावं की रडावं? मी त्यांच्या कपाळावर बर्फ धरला आणि कोणाला सांगणार नाही असं कबूल केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मॅडमनी जाहीर केलं की दोनदा लिहिणं बंद. एकदाच लिहायचं आणि ते दोन्ही जातींच्या फोनवर चालवायचं. त्यासाठी तयार सांगाडे मिळतात, त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. आमच्यासमोर दोन होते, आणि त्यांची नावं इतकी अवघड की पोरांनी त्यांचं बारसंच करून टाकलं. पहिला चित्रकार. हा फोनकडे काही मागत नाही, प्रत्येक बटण, प्रत्येक अक्षर स्वतःच रंगवतो. दुसरा उसनवारी. हा फोनच्या घरातलीच बटणं मागून आणतो आणि मांडतो. कोणता घ्यायचा ते दादांनी ठरवायचं होतं. मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "दादा, तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघा. तुमचा कौल तो माझा कौल."

मी चटकन दादांकडे पाहिलं. दादा "बघतो" म्हणाले.

उसनवारीत सगळं फोनचंच असल्यामुळे ते आपसूक बोलायचं. त्यात काम करताना दादांच्या कानातली बाई सगळं वाचायची. डोळे पुरते गेले असते तरी हा माणूस त्यात निवृत्तीपर्यंत कामाला राहिला असता. चित्रकाराचं उलट होतं. त्याच्यात स्क्रीन मांडायचं जे साधन होतं, तेच मुळी एक चित्र. कोणता चौकोन कुठे बसलाय ते बघूनच कळायचं. तिथे पोचली की ती बडबडी बाई गप्प. दादांनी मला ऐकवलं. कानात नुसती शांतता.

आता निवड करायला काय हरकत होती? मी तर मनातल्या मनात सुटकेचा निःश्वासही टाकला होता. पण दादांनी खणातले जुने, स्वस्तातले, काचा तडकलेले फोन बाहेर काढले. आमचं अ‍ॅप वापरणाऱ्या आजी-आजोबांकडे मुलांनी टाकून दिलेले असलेच फोन असतात. टेबलावर ओळीने मांडून ते दोन्ही फ्रेमवर्कवर केलेलं अ‍ॅप चालवत बसायचे. नवीन फोनवर दोन्ही सारखेच पळत होते. जुन्यावर मात्र उसनवारी अडखळायची. 'घेतली' हे बटण दाबलं की फोन विचारात पडल्यासारखा थांबायचा.

"थांबेना का जरा," मी म्हटलं. "म्हाताऱ्यांना कुठे गाडी पकडायचीये?"

"थांबला की माणूस परत दाबतं. दोनदा दाबलं की दोन गोळ्यांची नोंद होते. मग संध्याकाळची गोळी झालीये असं अ‍ॅप सांगतं, आणि आजी गोळी न घेता झोपते."

"ते नंतर दुरुस्त करता येईल की!"

"प्रयत्न केला. थोडं सुधारलं, पण जात नाही."

मग मात्र माझा तोल गेला. "दादा, तुम्ही हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. कौलात उसनवारी लिहून द्या. कोणी विचारणार नाही. तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

"म्हणूनच लिहिता येत नाही ना गं," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. तो चष्मा पुसून त्यांना काडीचाही उपयोग नव्हता. सवय, दुसरं काय. मी रागाने उठून गेले. आजही तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. मला असली माणसं आवडतात आणि त्यांचा संतापही येतो.

त्यांनी चित्रकार निवडला. फक्त एक अट घातली. चित्रकाराची बटणं आपणहून बोलत नाहीत, म्हणून प्रत्येक बटणाचं नाव आपण हाताने लिहून ठेवायचं, म्हणजे न दिसणाऱ्यांना फोन ते वाचून दाखवेल. पोरांनी माना डोलावल्या. बैठक संपल्यावर दादांनी मॅडमना डोळ्यांचं सांगितलं. काचेच्या खोलीबाहेरून मला मॅडमचा चेहरा दिसत होता.

"आधी का नाही सांगितलंत?" त्या बाहेर येऊनही तेच विचारत होत्या.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याकडे बघून उसनवारी घेतली असती," दादा म्हणाले.

पुढे दादांनी जिवाचं रान केलं. पोरं स्क्रीनवर काय दिसतंय ते सांगायची, दादा त्यावरून लिहायचे. पोरं चांगली होती, पण त्यांनाही त्यांची कामं होती. विचारायला लागू नये म्हणून दादा अंदाजाने लिहायला लागले, आणि ते चुकायला लागलं. एकदा एक बटण अर्धं स्क्रीनबाहेर गेलं. मी ते पाहिलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. ते मात्र त्यांना दुसऱ्याच कोणीतरी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. महिना संपल्यावर राजीनामा दिला. मॅडमनी खूप थांबवलं, दुसरं काम देते म्हणाल्या. दादा म्हणाले, "मला येतं ते काम द्या, बसायला खुर्ची नको." आणि तसं काम आमच्याकडे उरलं नव्हतं.

वहिनी घरी शिवणकाम करतात. दादा आता गिऱ्हाइकांचे फोन घेतात आणि सगळ्यांची मापं पाठ ठेवतात. परवा मी गेले तेव्हा वहिनी कौतुकाने सांगत होत्या की टेपला हात लावायची वेळच येत नाही. दादांची नळी आता बंद झाल्यातच जमा आहे. दारातल्या माझ्या आवाजावरून मला ओळखलं आणि म्हणाले, "आली का रुसूबाई?" मी आल्याआल्या मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आपलं नवं अ‍ॅप बाजारात आलं, लोकांना आवडलंय.

"अगं, मी पण घेतलंय! मलाही रक्तदाबाची गोळी लागलीये ना." त्यांनी खिशातून फोन काढला. "पण जरा बघ, माझं काहीतरी चुकतंय. माझी बोटं अजून नीट तयार झाली नाहीत बहुतेक."

त्यांनी स्क्रीनवरून बोट फिरवलं. फोन म्हणाला, "बटण." त्यांनी पुढे सरकवलं. फोन म्हणाला, "बटण." आणखी पुढे, "बटण." ते परत पहिल्यापासून, हळू, नीट बोट टेकवत आले. "बटण. बटण. बटण."

मी गॅलरीत जाऊन ऑफिसात फोन लावला. आता काम बघतो त्या मुलाला विचारलं. तो बिचारा गडबडला. "ती नावं लिहायची राहिलीच. घाईत पुढच्या वेळी करू म्हटलं, आणि मग कोणाच्या लक्षातच आलं नाही. इथे तो वाचून दाखवणारा आवाज कोणी वापरत नाही ना." दादा ऑफिसात असते तर पहिल्याच दिवशी त्यांच्या कानात हे 'बटण, बटण' वाजलं असतं आणि त्यांनी सगळ्यांना फैलावर घेतलं असतं. आमच्याकडचं एकमेव ऐकणारं माणूस आम्ही घरी बसवलं होतं. मी त्या पोराला नको नको ते बोलले. मग मला रडू आलं, म्हणून फोन ठेवला.

आत आले तर दादा तसेच बसले होते. गॅलरीचं दार उघडंच होतं, त्यांनी सगळं ऐकलं असणार.

"म्हणजे माझी बोटं बरोबर आहेत," ते म्हणाले.

"अगदी बरोबर आहेत, दादा. मी उद्या जाऊन स्वतः बसते त्यांच्या उरावर."

"बस. पण चिडू नकोस, पोरं आहेत." मग त्यांनी विचारलं, "जुन्या फोनवर अडकत नाही ना आता?"

"नाही. अजिबात नाही."

त्यांनी मान डोलावली. वहिनी आतून गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी देतेय ना आठवणीने, कशाला त्याच्या मागे लागता?" दादांनी गोळी घेतली. मग त्यांनी आमच्या अ‍ॅपवर बोट दाबून धरलं. हा प्रश्न फोनचा स्वतःचा होता, त्यामुळे तो खणखणीत आवाजात आला, "हे अ‍ॅप काढून टाकायचं का?"

दादांनी 'हो' दाबलं.