शिक्क्याच्या रिपा

भोरच्या लाकडाच्या वखारीतले चाचा कौलांखालची रीप विकण्याआधी ती दोन विटांवर आडवी ठेवतात, चपला काढतात आणि स्वतः तिच्यावर उभे राहतात. "मापात बसली म्हंजी झालं न्हाई, तिनं मानूस पेलला पायजे." मला ते नाटकच वाटायचं.

मार्गासनीच्या माझ्या घरासाठी घेतलेल्या रिपांवर मात्र ते उभे राहिले नव्हते. त्या मालावर तपासणीचा शिक्का होता. महिन्याभराने त्याच गठ्ठ्यातली उरलेली एक रीप त्यांनी सहज पायाखाली घेतली, तर ती काटकन मोडली.

वखार बंद करून ते तडक एसटीने आमच्याकडे आले. मान खाली घालून म्हणाले, "कौलं उतरवा. म्या पाय न्हाई ठिवला त्या रिपांवर."

सगळ्या रिपा त्यांनी बदलून दिल्या, एकेकीवर उभं राहून. काम संपल्यावर मी म्हणालो, "चाचा, आता तरी आत या. चहा घ्या."

चपला काढून ते उंबऱ्यापर्यंत आले. आत माझी मुलगी गोधडीवर झोपली होती.

"म्हैनाभर ही हितंच निजत व्हती?"

मी मान डोलावली.

चहा त्यांनी अंगणातच घेतला, अनवाणी, घराकडे पाठ करून.